किल्ली मागायची नाही

पत्र

काका, नमस्कार. खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठावर आमचं गाव. गावातून नदीवर जायला पाणंद आहे. पुढं ती काठाकाठानं म्हशींच्या डोहापर्यंत, तिथून स्मशानाकडं आणि शेवटी धनगरवाड्याकडं जाते. खालच्या वाडीतली कानडी घरंही याच वाटेनं जनावरं आणतात. पाणंदीच्या दोन्ही बाजूंची जमीन शहरातल्या एका गृहस्थांनी घेतली. मराठीच आहेत, बोलायला गोड आहेत. फार्महाऊस बांधलं, तारेचं कंपाऊंड मारलं आणि गेल्या श्रावणात पाणंदीवर लोखंडी गेट बसवून कुलूप घातलं. म्हणतात, "मी कुणाला अडवत नाही. विचारून या, वहीत नाव लिहा, वॉचमन उघडून देईल." आता पाच घरांना किल्ली द्यायला तयार झालेत. त्यात एक घर आमचं, कारण वॉचमन माझा चुलत दीर.

भाद्रपदात आम्ही बायका गौर आणायला गेलो तर वॉचमन जेवायला गेलेला. अर्धा तास हातात कळशा घेऊन गेटसमोर उभ्या. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सासरे म्हणतात, त्यांनी देवळाला देणगी दिलीय, गप बस. पोरं म्हणतात, एका रात्रीत गेट उपटतो. एक पुढारी म्हणतात, मोर्चा काढा, झेंडे मी देतो. कोल्हापूरचा माझा भाऊ म्हणतो, तहसीलदाराकडं कलम १४३ खाली अर्ज टाक. मी काय करू? सुनेनं यात पुढं व्हावं का?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आधी ती किल्ली घेऊ नका. घेतली असली तर उद्या सकाळी परत करा. आणि त्या वहीत घरातल्या कुणीही सही करू नये, अंगठा तर नाहीच नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा किल्लीवरच अडून बसला. पण सगळी मेख तिथंच आहे. "पाय ठेवलात तर बघा" असं म्हणणारा मालक परवडतो, कारण तो निदान भांडण उघड्यावर आणतो. "विचारून या" म्हणणारा महाग पडतो. वर्षानुवर्षाच्या वहिवाटीनं वाटेचा हक्क कसा मिळतो, ते १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यात, १५व्या कलमात दिलंय. वीस वर्षं, उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि 'हक्क म्हणून' वापर पाहिजे. जीव आहे तो 'हक्क म्हणून' या दोन शब्दांत. मालकाची परवानगी घेऊन वीस काय, ऐंशी वर्षं गेलात तरी तो हक्क होत नाही. ती मेहेरबानीच राहते. आणि मेहेरबानी करणारा एक दिवस कुलूप बदलतो.

म्हणून ती वही साधी नाही. तिच्यात दर दिवशी एकेक ओळ भरत जाते: अमुक बाई अमुक वाजता आली, परवानगी मागितली, गेट उघडून दिलं. पाच वर्षांनी कोर्टात हीच वही मालकाच्या बाजूनं उभी राहील आणि अक्षर तुमचं असेल. पाच किल्ल्यांचंही तेच. वर त्यातून पाच घरं गावापासून वेगळी पडतात ती पडतातच. ज्याच्या कमरेला किल्ली, तो कशाला वाटेसाठी भांडेल?

वकील इथं मला टोकतील, म्हणून सांगून टाकतो. स्वतःच्या शेताला जाणाऱ्याचा हक्क वेगळा आणि अख्ख्या गावाचा नदीवर जायचा हक्क वेगळा. पहिला या १५व्या कलमात बसतो, दुसरा रूढीचा किंवा सार्वजनिक वाटेचा म्हणून मांडावा लागतो. तो फरक वकील बघून घेतील. तुमच्या कामाचं एवढंच, की मागून घेतलेल्या किल्लीनं दोन्हीकडं घात होतो.

आणखी एक, याला उशीर चालत नाही. ज्यांची शेतं त्या वाटेवर आहेत, त्यांचा वीस वर्षांचा वापर दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असला पाहिजे, त्यापेक्षा जुना नको. सोप्या भाषेत, गेट लागल्यापासून दोन वर्षं हातावर हात धरून बसलात तर वीस वर्षांचं चालणं वाया. गेट श्रावणात लागलं म्हणता. श्रावणात कधी? वार, तिथी, काय आठवेल ते आजच कुठंतरी लिहून ठेवा.

आता मूळ प्रश्न. ही वाट आहे कोणाची?

मी एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, त्यामुळं माझं डोकं आधी नकाशाकडं जातं. नदीकाठाबद्दल गावोगावी एक समज ऐकू येतो: "नदीकाठ सगळा सरकारचाच असतो, काठावर कुणी कुंपण घालूच शकत नाही." हे अर्धंच खरं आहे. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्यातलं ६७वं कलम सांगतं, की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, नद्या, नाले, तळी आणि त्यांची पात्रं, जी दुसऱ्या कुणाची म्हणून सिद्ध झालेली नाहीत ती सरकारची. पात्र सरकारचं. काठावरचं शेत मात्र खाजगी सर्वे नंबर असू शकतं, अगदी दरडीपर्यंत. तेव्हा "काठ आमचा" म्हणून उभ्या राहिलात तर पहिल्याच सुनावणीत खाली बसाल. तुम्हाला काठ नको आहे, वाट पाहिजे. तेवढीच मागा.

ती वाट कागदावर तीन ठिकाणी शोधायची.

पहिली जागा त्या गृहस्थांचा उतारा. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर सर्वे नंबर घातला की दिसतो, शिक्क्याची प्रत नाडकचेरीत, म्हणजे तहसीलीखालच्या महसूल कचेरीत मिळते. लोक उताऱ्यावर नाव बघतात आणि मिटवून ठेवतात. तुम्ही तिसरा रकाना बघा, क्षेत्राचा. एकूण क्षेत्राखाली 'फूट खराब' असतं आणि त्याचे दोन भाग, अ आणि ब. अ खराब म्हणजे खडक, माळ, पिकाखाली न येणारी जमीन. ती मालकाचीच. ब खराब म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली: रस्ता, पायवाट, ओढा, स्मशान. सातबाऱ्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हा भेद माहीत नसतो, आणि विकणाराही तो सांगत नाही. खरेदीखतात सगळं क्षेत्र लिहिलं, पैसे सगळ्याचे मोजले, तरी ब खराब विकायचा अधिकार विकणाऱ्याला नव्हताच. त्या रकान्यात ब समोर दोन गुंठे, तीन गुंठे असं काही दिसलं, तर ताई, तुमचं निम्मं काम झालं म्हणून समजा.

दुसरी जागा गावचा नकाशा. तो भूमापन खात्याच्या संकेतस्थळावरही मिळतो, पण तालुक्याच्या मोजणी कचेरीतून शिक्क्याची प्रत घ्या आणि त्या सर्वे नंबरचं टिप्पणही, म्हणजे मोजणीदारानं जागेवर काढलेलं मापांचं रेखाटनही मागा. नकाशात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट. कानडीत 'कालुदारी' लिहिलं असेल तर पायवाट, 'बंडीदारी' असेल तर गाडीवाट. टिप्पणाचं आकर्षण मला अजून सुटलेलं नाही, थोडं सहन करा. मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी होती ३३ फुटांची आणि तिचे भाग १६, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आजही आपण गुंठ्यात बोलतो ते त्या साखळीमुळं. त्या मोजणीदारांनी उन्हातान्हात ओढ्याचं वळण, बांध, वाट असं सगळं साखळी-आण्यात टिपून ठेवलं. पाणंद तेव्हा होती तर टिप्पणात ती असण्याचा संभव दांडगा आहे.

पोरांच्या मोबाईलवर कर्नाटक सरकारचं 'दिशांक' ॲप घ्यायला सांगा. वाटेवर उभं राहिलं की आपण कुठल्या सर्वे नंबरात आहोत ते दाखवतं. ते पुरावा म्हणून चालत नाही, पण कुठला उतारा मागायचा ते कळतं.

तिसरी जागा बहुतेकांना सुचतच नाही. ती म्हणजे त्या गृहस्थांचं स्वतःचं खरेदीखत. नोंदणी झालेल्या जमिनीच्या दस्ताची प्रत फी भरून कुणीही मागू शकतं, १९०८ च्या नोंदणी कायद्यानंच ती मुभा दिली आहे. खतात चतुःसीमा असते. "पूर्वेस नदी, पश्चिमेस पाणंद" असं तिथं लिहिलेलं निघालं तर पाणंद आपली नाही हे त्यांनीच सही करून मान्य केलंय. त्यांच्या खतात नसलं तर त्यांना विकणाऱ्याच्या खतात बघा, त्याच्या बापाच्या वाटणीपत्रात बघा. जुनं काही मोडीत निघालं तर घाबरू नका, बेळगावात मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. मी कित्येक भांडणं चतुःसीमेच्या एका ओळीवर मिटलेली पाहिली आहेत.

हे सगळं आत्ताच का व्हायला लागलं, तेही जाता जाता. २०२० साली कर्नाटकानं भूसुधारणा कायदा बदलला. त्याआधी शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला आडकाठी होती, ती गेली. शहरातला पैसा खानापूरच्या भातशेतांकडं आणि काजूच्या माळांकडं वळला, नदी दिसणारी जमीन आधी गेली. विकत घेणं गुन्हा नाही. पण विकत घेणाऱ्याला जमीन दिसते, तिच्यावरची पावलं दिसत नाहीत. ती आपण दाखवायची असतात.

आता एक कडू अनुभव. घटप्रभेकाठच्या एका गावात अशाच भांडणात मी मोजणीला गेलो होतो. गाव छातीठोक सांगत होतं, वाट नकाशात आहे. होतीही, ठसठशीत दुहेरी रेषा. आम्ही खुणेच्या दगडापासून मोजत निघालो आणि वाटेच्या जागेवर पोचलो तर खाली पाणी. काठ वर्षानुवर्षं तुटत गेला होता. नकाशातली वाट नदीनं गिळली होती, आणि लोक दर पुरानंतर थोडं थोडं आत सरकत आता दुसऱ्याच्या शेतातून चालत होते. मी अहवालात दिसलं तसं लिहिलं. गावानं मला चहासुद्धा दिला नाही. पुढं सहा वर्षं ते "नकाशात आहे, नकाशात आहे" एवढंच म्हणत राहिले. सातव्या वर्षी कुणीतरी शहाण्यानं वहिवाटीची बाजू मांडायला घेतली, तोवर जुनी वाट डोळ्यांनी पाहिलेल्या चार म्हाताऱ्यांतले दोघे गेले होते आणि तिसऱ्याला माणूस ओळखू येत नव्हतं.

तुमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टचा पूर गावानं पाहिला आहे. काठ किती तुटला, पाणंद त्यानंतर आत सरकली का, हे आधी तुमचं तुम्ही खरं खरं विचारा. सरकली असेल तर लपवू नका. नकाशा आणि वहिवाट, दोन्ही बाजू पहिल्या अर्जापासून सोबत मांडा.

आणि म्हातारी माणसं. हे काम नकाशाच्या प्रतीची वाट न बघता करा. सत्तरीच्या पुढची जी कोणी आहेत, गावातली, खालच्या वाडीतली, धनगरवाड्यावरची, त्यांच्याकडून वकिलासमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या. "वाट पूर्वापार आहे" असलं मोघम काही नको. आजी कोणत्या वर्षी लग्न होऊन आल्या, नदीवरून पाणी कोणत्या वाटेनं आणलं, कर्नाटकी बेंदराला बैल धुवायला कुठून नेले, घरातल्या कुणाची तिरडी कुठून गेली. धनगरांना वर्षाचा आकडा सांगता येणार नाही, पण कोणत्या दुष्काळात मेंढरं कुठं बसवली ते सांगता येतं. तेच लिहून घ्या. जुने फोटोही शोधा. लग्नाची वरात, गणपतीचं विसर्जन, मागं पाणंदीचं कुंपण दिसत असेल तर तो फोटो सोन्याचा.

पंचायतीत एक गोष्ट नक्की बघा. त्या वाटेवर कधी मुरूम पडलाय का, रोजगार हमीतून चर काढलाय का, नदीच्या उताराला पायऱ्या केल्या का? केल्या असतील तर हजेरीपत्रक आणि कामाचं अंदाजपत्रक काढा. सरकारी पैसा खाजगी वाटेवर खर्च होत नाही, हे उत्तर मालकाच्या वकिलाला जड जातं. पीडीओ साहेब, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, तोंडी "बघू" म्हणतील. माहिती अधिकारात अर्ज टाका. कर्नाटकात तो एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा, फी दहा रुपये. म्हणून एका अर्जात सगळं कोंबू नका. एक पंचायतीला, कामांबद्दल. एक तहसील कचेरीला, फक्त एवढंच विचारणारा: सदर वाट बंद करण्याचा कोणताही आदेश किंवा जाहीर नोटीस निघाली आहे का? सार्वजनिक वाट बंद करायची तर महसूल कायद्यात रीतसर प्रक्रिया आहे, नोटीस लावून हरकती ऐकाव्या लागतात. "असा आदेश नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं तर ते जपून ठेवा.

भावाला माझा नमस्कार सांगा आणि कलम १४३ विसरायला सांगा. ते महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेतलं आहे, बांधावरून शेताला वाट देण्याचं. गडहिंग्लजला चालतं, खानापूरला नाही. सोयरिका दोन्हीकडं असल्यानं आपल्याकडं असली औषधं हमखास येतात. इकडं तहसीलदारांकडंच जायचं, पण दोन वेगळ्या अंगांनी. महसूल अधिकारी म्हणून: नकाशातली वाट किंवा ब खराब अडवलाय, मोजणी करून अतिक्रमण काढा. आणि कार्यकारी दंडाधिकारी म्हणून, त्यांना तसा खास अधिकार दिलेला असला तर, नसला तर प्रांताधिकाऱ्यांकडं: जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १५२वं कलम, म्हणजे आधीचं फौजदारी प्रक्रियेतलं १३३. लोकांच्या कायदेशीर वापराच्या वाटेवरचा अडथळा काढायचा सशर्त हुकूम त्याखाली निघतो. समोरचा "ही सार्वजनिक वाटच नाही" म्हणाला आणि त्याच्या म्हणण्याला काही आधार निघाला, तर दंडाधिकारी हात आवरतात आणि दिवाणी कोर्टाकडं बोट दाखवतात. तेव्हा कागद आधी, अर्ज मागून. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.

दिवाणी दावा लागलाच तर गावातल्या काहींनी मिळून सर्वांच्या वतीनं तो लावता येतो, प्रत्येकाला कोर्टात नाचायला नको. नद्या ही सरकारकडं जनतेची ठेव आहे, ती खाजगी चैनीसाठी देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, कमलनाथ खटल्यात, सांगून ठेवलंय. वकिलांना आठवण करून द्या. पण त्या निकालाची झेरॉक्स गेटवर चिकटवून कुलूप उघडत नाही, हेही पोरांना सांगा.

पोरांना आणखी सांगायचं ते हे. गेट उपटलंत तर दुसऱ्या दिवशी वाटेची गोष्ट संपली, नासधुशीची सुरू झाली. पोलिसांत तुमच्या पोरांची नावं, आणि ते गृहस्थ गरीब गाय. रात्री काही करायचं नाही. जे करायचं ते दिवसाढवळ्या आणि रोज. गेट उघडं असेल तेव्हा न विचारता, वहीला हात न लावता सरळ जायचं, नदीला पाय लावून यायचं. बंद असेल तर गेटसमोर उभं राहून "वाट उघडा" म्हणायचं, "जाऊ का" म्हणायचं नाही. फोटो काढायचा, परत यायचं. म्हशी घेऊन जाणारे गेले पाहिजेत, नुसते पांढऱ्या कपड्यातले नकोत.

पुढाऱ्यांच्या झेंड्यांचं काय? माझं मत विचारलंय म्हणून सांगतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्या दुःखात मीही वाढलोय. पण ही पाणंद अडवणारा मराठी आहे आणि अडलेल्यांत कानडी घरं आहेत. इथं कोणता झेंडा लावणार? झेंडा लागला की खालच्या वाडीतली माणसं पहिल्याच दिवशी मागं सरतील, आणि तुमच्या निम्म्या साक्षी त्यांच्याकडं आहेत. आधी त्यांच्या घरी जाऊन या. अर्ज कानडीत द्या, खाली त्यांच्याही सह्या घ्या, सोबत मराठी प्रत जोडा. मराठीतला अर्ज नाकारायचा कुणाला अधिकार नाही, घटनेच्या ३५०व्या कलमानं तक्रार कोणत्याही इथल्या भाषेत देता येते. पण कानडी अर्जावर टिपण लगेच लिहिलं जातं, मराठी अर्ज भाषांतराच्या नावाखाली पडून राहतो. भाषेची लढाई लढायची तेव्हा लढू. या अर्जाला वाट पाहिजे.

सासऱ्यांशी देणगीवरून वाद घालू नका. देणगी देवाला दिली, देवानं पावती दिली, व्यवहार संपला. पाणंद देवळाच्या मालकीची नाही, त्यामुळं ती बदल्यात देता येत नाही. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या वयाच्या कुणी सांगितलेलं बरं. त्यांच्या आई-वडिलांना त्याच वाटेनं नेलं असेल ना? तो विषय त्यांच्याकडून आपोआप निघू द्या.

चुलत दीर हा खरा नाजूक भाग. गावात राग गेटवाल्यावर निघत नाही, गेटवर बसलेल्यावर निघतो. त्याला महिन्याचा पगार मिळतो, घरात चूल त्यावर पेटते, आणि तोही लहानपणी त्याच वाटेनं पोहायला गेलाय. त्याला तुमच्या तोंडून आधी कळू द्या, रस्त्यावरून नको. त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र मागू नका, नोकरी जाईल. फक्त एवढं बजावा, की "ही वाट कधीच नव्हती" अशा कुठल्याही कागदावर त्यानं सही करायची नाही. मालकानं तसा कागद पुढं केलाच तर "घरी विचारतो" म्हणावं. बाकी तो काम करतोय ते करू द्या. बायका उभ्या असताना जेवायला गेला, याचा राग मनात असेल तर तो वेगळा ठेवा. भूक लागली असेल.

राहिलं तुमचं पुढं होणं. पुढारी होऊ नका, ते काम करायला गावात माणसं असतात. तुम्ही वही ठेवा. मालकाची एक वही आहे ना, मग गावाची एक असू दे. दोनशे पानी, पानांना आधी नंबर घाला. तारीख, वेळ, कोण आलं, कशासाठी, गेट उघडं होतं की बंद, बंद असेल तर कोण काय म्हणालं. पहिल्या पानावर गौरीचा दिवस लिहा: किती बायका, कुणाच्या हातात कळशी, किती वेळ, आणि शेवटी गौर कुठल्या पाण्यावरून आणली. त्या सगळ्या बायकांच्या सह्या त्याखाली घ्या. अशी वही मी माझ्या नोकरीत दोनदाच पाहिली, आणि दोन्ही वेळा ती घरात बसून बाईनंच लिहिलेली होती. बाहेर फिरणाऱ्या बाप्यांना रोजचं रोज लिहायचा कंटाळा असतो.

सुनेनं यात पडावं का, हे विचारलंत. त्या वाटेनं घागर तुमच्या सासूनं आणली, तिच्या सासूनं आणली. नदीची वाट गावात सर्वांत जास्त कुणी चालली असेल तर सुनांनीच.

नकाशाची प्रत आणि तिसऱ्या रकान्याचा फोटो मिळाला की मला पाठवा. रेषा एकेरी आहे की दुहेरी, ते बघून पुढचं लिहितो. दुहेरी निघाली तर गेटची रुंदी मोजून ठेवा. गाडीवाटेवर माणसापुरतं दार ठेवून भागत नाही.